एकट्याचं सॉफ्टवेअर विकायचं कसं: हाऊजी, फीची पावती आणि गळकी टाकी

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये हाऊजी खेळला असाल, तर या विषयातलं निम्मं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत हाच खेळ बिंगो या नावाने खेळतात, फक्त तिकिटावर आकड्यांऐवजी शब्द असतात. बाई शब्द वाचतात, मुलं आपल्या कार्डावर तो शोधून खूण करतात, ओळ पूर्ण झाली की ओरडतात. खेळता खेळता वाचन होतं. अडचण एकच. वर्गात पंचवीस मुलं असतील तर पंचवीस वेगवेगळी कार्डं लागतात, नाहीतर सगळी एकदमच ओरडतील. ती हाताने करायची म्हणजे बाईंचा रविवार गेला.

२००६ मध्ये जपानात नोकरी करणाऱ्या पॅट्रिक मॅकेन्झी या अमेरिकन प्रोग्रॅमरने एवढ्याच अडचणीवर एक सॉफ्टवेअर लिहिलं. शब्दांची यादी द्यायची, ते शब्द उलटसुलट मांडून हवी तितकी कार्डं छापून मिळायची. नाव बिंगो कार्ड क्रिएटर. खर्चासाठी त्याने स्वतःला ६० डॉलर आणि आठवडाभराचा वेळ ठरवून दिला होता. किंमत सुरुवातीला २४.९५ डॉलर ठेवली, पुढे २९.९५ केली. यात तंत्रज्ञान म्हणून मिरवावं असं काहीच नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा सुट्टीत करील. तरीही ते वर्षानुवर्षं विकलं गेलं. २०१० मध्ये त्याने नोकरी सोडली आणि २०१५ मध्ये हा धंदा दुसऱ्या कुणाला विकून तो मोकळा झाला.

असल्या धंद्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. गुंतवणूकदार नाही, ऑफिस नाही, पदरचे पैसे आणि रात्रीचा वेळ. अशी सॉफ्टवेअरं बुडतात ती कोड वाईट असतो म्हणून, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. मी खासगी क्लासेसच्या फीचा हिशोब ठेवणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालवते. मालक मी, कामगार मी, शिपाईही मीच. पहिल्या आठ महिन्यांत माझ्याकडे चौदा मेनू होते आणि गिऱ्हाइकं तीन. त्यातला एक मावसभाऊ.

गिऱ्हाईक आधीच कुठेतरी उभं असतं

मॅकेन्झीने काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. शिक्षिका गूगलवर 'बिंगो कार्ड बनवायचं सॉफ्टवेअर' असं फारसं शोधत नाहीत. त्यांच्या डोक्यात उद्याचा तास असतो. त्या शोधतात 'हॅलोविन बिंगो', 'प्राण्यांच्या नावांचं बिंगो', 'पहिलीच्या नेहमीच्या शब्दांचं बिंगो'. म्हणून त्याने प्रत्येक विषयाचं वेगळं पान केलं. त्या पानावर त्या विषयाची तयार शब्दयादी, आणि खाली कार्डं छापून घ्यायची सोय. अशी शेकडो पानं. त्यातल्या बऱ्याच याद्या त्याने स्वतः लिहिल्याही नाहीत. कामावर एक शिक्षिका घेतली आणि याद्यांचे पैसे दिले. शिक्षिकेला काय लागतं ते शिक्षिकेलाच ठाऊक.

एकेका पानावर येणारी माणसं थोडी, पण जी येतात ती अगदी नेमकी. हॅलोविनच्या आधीचा ऑक्टोबर हा त्याचा सुगीचा महिना असायचा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्याच्या फुकट आवृत्तीत पंधरा कार्डं छापता यायची. दहा नाहीत, शंभर नाहीत, पंधरा. पंधरा कार्डं छापून शिक्षिकेची खात्री पटते की हे चालतं. आणि वर्गात मुलं पंधरापेक्षा जास्त असतात. म्हणजे विकत घ्यायची वेळ कधी येणार, तर उद्याचा तास तयार होत आलाय, प्रिंटर सुरू आहे आणि दहा कार्डं कमी पडतायत, तेव्हा. आपल्याकडे बहुतेक जण 'चौदा दिवस फुकट' लिहून मोकळे होतात. चौदा दिवसांचा गिऱ्हाइकाच्या कामाशी काय संबंध? मुदत तारखेवर टाकण्यापेक्षा कामावर टाकलेली बरी.

आता माझं. तीन गिऱ्हाइकं झाल्यावर मी सांगलीला विश्रामबागेत एका क्लासच्या काउंटरवर अर्धा दिवस जाऊन बसले. सरांची परवानगी काढून, नुसतं बघत.

काउंटरवरच्या मॅडमकडे लांब रजिस्टर होतं. पूर्ण फी भरलेल्यांची नावं हिरव्या पेनाने, बाकीवाल्यांची लाल. शेजारी कार्बन लावून फाडायचं पावती पुस्तक. कॉम्प्युटरवर एक्सेल, त्यात काही खाने पिवळे, पिवळं म्हणजे काय असं विचारलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, "आधीच्या मॅडमनी केलंय, मला पण नाही माहीत." पाचच्या बॅचला मुलांना सोडायला आलेले पालक गाडी बंदसुद्धा करत नव्हते. "मॅडम, दुसरा हप्ता पंधरा तारखेला देतो." मॅडम चिठ्ठीवर नाव-तारीख लिहायच्या आणि स्टेपलरने रजिस्टरच्या पानाला टाचायच्या. रजिस्टर त्या चिठ्ठ्यांनी फुगून जाड झालं होतं. साडेसातला सर आले आणि विचारलं, "आज बाकी कोणाकोणाची आहे?" त्यानंतर चाळीस मिनिटं मॅडम चिठ्ठ्या उलटत होत्या.

मी विचारलं, तुम्हाला काय मिळालं तर काम हलकं होईल? त्या म्हणाल्या, "आज कोणाकोणाचा हप्ता ठरलाय, तेवढं एका कागदावर मिळालं तरी खूप झालं."

माझ्या चौदा मेनूंत हा कागद नव्हता. हजेरी होती, टेस्टचे मार्क होते, पालकांसाठी वेगळं अ‍ॅप होतं, वाढदिवसाचा मेसेज आपोआप जायची सोय होती. त्या रात्री मी अकरा मेनू काढून टाकले.

दुसरी गोष्ट निघताना कळली. या कामासाठी तुम्ही कधी गूगलवर काही शोधलंत का, असं विचारल्यावर मॅडमनी जुना शोध उघडून दाखवला. 'फी रिसीट फॉरमॅट इन एक्सेल'. तीन वेळा, वेगवेगळ्या स्पेलिंगने. आणि मी आठ महिने माझ्या साइटवर ठळक अक्षरांत 'क्लास मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' लिहून वाट बघत बसले होते.

मग मी ते फॉरमॅटच करून ठेवलं. एक्सेलची साधी फाइल, फुकट, बाकीची रक्कम आपोआप येईल असं सूत्र घातलेलं. दहावीच्या क्लासची वेगळी, अबॅकसची वेगळी, डान्स क्लासची वेगळी. एमपीएससीवाल्या मुलांच्या अभ्यासिकांची तर अगदीच वेगळी, कारण तिथे फी मुलाची नसते, खुर्चीची असते; मुलगा गेला की त्याच खुर्चीवर महिन्याच्या मधल्या तारखेला दुसरा येऊन बसतो. प्रत्येक फाइलच्या खाली एक ओळ: दोनशेच्या वर विद्यार्थी झाले की एक्सेलमध्ये सांभाळणं जड जातं, तेव्हा इकडे या. बहुतेक लोक फाइल घेतात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. काही जण पुढच्या जूनमध्ये येतात. जे येतात त्यांना हे काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही.

हे काम मुंगीच्या पावलाने होतं. गूगलमध्ये पान वर यायला सहा-आठ महिने सहज जातात, आणि तेवढ्या काळात आलेख जमिनीला चिकटून असतो. याच काळात माणसं हात टेकतात किंवा फेसबुकवर जाहिराती लावतात. जाहिरात वाईट असते असं नाही, पण तिचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. समजा एका क्लिकला १५ रुपये पडतात. शंभरातले दोन जण वापरून बघतात आणि वापरून बघणाऱ्या चारांतला एक पैसे देतो. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे दोनशे क्लिक, म्हणजे ३,००० रुपये. तुमचं सॉफ्टवेअर महिन्याला ९९ रुपयांचं असेल तर तो खर्चच अडीच वर्षांनी वसूल होईल, तोवर गिऱ्हाईक टिकलं तर.

दुसऱ्याच्या जत्रेत पाल ठोकणं

गर्दी स्वतः जमवणं जमत नसेल तर जमलेल्या गर्दीत दुकान मांडायचं. जत्रेत बांगडीवाला देवळाची जाहिरात करत नाही. पेल्डी ग्विलिझोनी या इटालियन माणसाने २००८ मध्ये अ‍ॅडोबीतली नोकरी सोडून, बोलोन्याला परतून बाल्सामिक नावाचं साधन काढलं. स्क्रीन कशा दिसतील याची कच्ची चित्रं काढायला ते वापरतात. त्याची पहिली कल्पना हीच होती की कंपन्या ज्या कॉन्फ्लुअन्समध्ये आपली कागदपत्रं ठेवतात, त्याला जोडून चालणारं प्लगइन करायचं. प्रसिद्धीसाठी तो मोठ्या वर्तमानपत्रांच्या मागे लागला नाही. छोटे छोटे ब्लॉग लिहिणाऱ्यांना त्याने एकेक पत्र लिहिलं, वापरून बघा म्हणून फुकट प्रत देऊ केली.

आज अशा जत्रा बऱ्याच आहेत: शॉपिफायचं अ‍ॅप स्टोअर, वर्डप्रेसची प्लगइन्स, क्रोमची एक्स्टेन्शन्स. आणि एक जत्रा इंटरनेटवर नाहीच. गावातला 'टॅलीचा माणूस' रोज पाच दुकानांच्या काउंटरवर बसून चहा पितो. त्याला तुमचं सॉफ्टवेअर आवडलं तर तो एका महिन्यात जेवढं विकेल तेवढं तुमची साइट वर्षात विकणार नाही. त्याला कमिशन द्यावं लागतं आणि ते द्यावं; घासाघीस करू नये.

जत्रेचा धोका म्हणजे जागा देवस्थानाची असते. २०२३ मध्ये ट्विटरने आपला एपीआय, म्हणजे बाहेरची साधनं ट्विटरला जोडायची सोय, फुकट देणं जवळपास बंद केलं, तेव्हा त्यावर उभी असलेली कितीतरी एकट्यादुकट्याची साधनं बंद पडली. त्यांची चूक काही नव्हती. म्हणून गिऱ्हाइकाचा ईमेल, फोन नंबर आपल्या वहीत असावा. देवस्थानाच्या वहीत तो असतोच, पण ती वही तुम्हाला मिळणार नसते.

लाँचबद्दल फार लिहीत नाही. प्रॉडक्ट हंट या नवी सॉफ्टवेअरं दाखवणाऱ्या साइटवर एक दिवस झळकणं म्हणजे बारसं. पाहुणे येतात, कौतुक करतात, जेवून जातात. बाळाला दुसऱ्या दिवसापासून तुम्हालाच सांभाळायचं असतं.

टाकी

आता ज्या भागामुळे मी हा लेख लिहायला घेतला तो. थोडं गणित आहे, पण पाचवीच्या वरचं नाही.

दर महिन्याला पैसे देणारी गिऱ्हाइकं म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. वरून नळ चालू आहे, म्हणजे नवी गिऱ्हाइकं. खाली भोक आहे, म्हणजे सोडून जाणारी. या गळतीला धंद्यात चर्न म्हणतात. नळ ठरलेल्या धारेने येतो, महिन्याला २० गिऱ्हाइकं असं धरू. गळती मात्र ठरलेली नसते, टाकीत जितकं पाणी जास्त तितकी ती वाढते, कारण ती टक्क्यांत असते. महिन्याला ५ टक्के धरा. शंभर गिऱ्हाइकं असताना पाच जातात. फारसं जाणवत नाही. दोनशे असताना दहा जातात. चारशे झाली की महिन्याला वीस जातात आणि नव्याने वीसच येतात.

झालं, टाकी थांबली. नळाची धार भागिले गळती: २० ला ०.०५ ने भागलं की ४००. यापुढे तुम्ही कितीही वर्षं तेच काम तितक्याच मन लावून करत राहिलात तरी आकडा चारशेच्या वर जाणार नाही. महिन्याला ४९९ रुपये किंमत असेल तर ही तुमची कमाल: १,९९,६०० रुपये. एका माणसाला हे पुष्कळ आहे, पण हा आकडा कुठून आला ते माहीत असलेलं बरं. बरेच जण तिसऱ्या वर्षी 'हल्ली वाढच होत नाही, मार्केट संपलं' म्हणतात. मार्केट जागच्या जागी असतं. टाकी भरलेली असते.

आता गळती निम्मी केली, ५ ची अडीच टक्के, आणि नळाला हातही लावला नाही, तर काय होईल? २० भागिले ०.०२५, म्हणजे ८००. कमाल दुप्पट. पण हे लगेच दिसत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. शून्यापासून सुरुवात केली तर ५ टक्के गळतीच्या टाकीत एक वर्षाने साधारण १८४ गिऱ्हाइकं असतात आणि अडीच टक्केवाल्या टाकीत २१०. सव्वीसचा फरक. एवढ्यासाठी कोण मान मोडून काम करील? दोन वर्षांनी २८३ आणि ३६४. तीन वर्षांनी ३३७ आणि ४७८. पहिल्या वर्षी दोन्ही टाक्या जवळजवळ सारख्या दिसतात, म्हणून सगळे जण नळाच्या मागे लागतात आणि भोकाकडे बघत नाहीत.

याच हिशोबाने गिऱ्हाईक किती दिवस टिकतं तेही काढता येतं. ५ टक्के गळती म्हणजे सरासरी २० महिने. महिन्याला ४९९ म्हणजे एका गिऱ्हाइकाकडून एकूण साधारण १०,००० रुपये. मघाचा तीन हजारांचा जाहिरातखर्च इथे परवडतो. ९९ रुपयांच्या सॉफ्टवेअरला त्याच वीस महिन्यांत १,९८० मिळतात आणि खर्च ३,०००. तीच जाहिरात, तेच लोक, पण एकाला फायदा आणि दुसऱ्याला खड्डा. किंमत कमी ठेवली की विकायला सोपं जातं ही समजूत इथे मोडते. स्वस्त सॉफ्टवेअरला विकायचे रस्तेच कमी उरतात.

काही धंद्यांत गळती मुळातच असते. लग्नपत्रिका करून देणारं सॉफ्टवेअर कितीही छान असलं तरी गिऱ्हाईक परत येत नाही. येऊ नये अशीच आपली इच्छा असते. मॅकेन्झीच्या कार्डांची विक्री एकदाच पैसे घेऊन होती, त्यामुळे दर एक तारखेला त्याचं मीटर पुन्हा शून्यावर. अशा वस्तूंना गूगलसारखा कायम वाहणारा नळ हवाच. पुढे त्याने भेटीच्या वेळेची आठवण करून देणारी सेवा काढली, ती महिन्याच्या वर्गणीवर. ते उगीच नव्हतं.

गळती कुठे बुजवायची? माझा अनुभव असा की गिऱ्हाईक सोडून जातं ते सहाव्या महिन्यात, पण ठरतं ते पहिल्या आठवड्यात. ज्या क्लासचं जुनं रजिस्टर आठ दिवसांत सॉफ्टवेअरमध्ये चढलं, तो क्लास राहतो. ज्याचं अर्धं चढलं, त्याच्याकडे दोन वह्या होतात आणि दोनांत नेहमी कागदी वही जिंकते. म्हणून आता मी सरळ सांगते, रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मी टाइप करून देते. दोन संध्याकाळी जातात. यात माझी अक्कल नाही. नेथन बॅरीने २०१३ मध्ये काढलेलं कन्व्हर्टकिट हे वाचकांना ईमेल पाठवायचं साधन रखडलं होतं, तेव्हा त्याने हेच केलं. लोकांना वैयक्तिक ईमेल लिहायचा, आणि 'बदलायचं म्हणजे फार उपद्व्याप' असं कुणी म्हटलं की 'तुमचं सगळं मी फुकट हलवून देतो' म्हणायचं. मोठी कंपनी हे करत बसत नाही. तुम्ही करू शकता, कारण तुमची गिऱ्हाइकं शंभर आहेत.

किंमत बोलते

पिनबोर्ड ही इंटरनेटवरच्या खुणा, म्हणजे बुकमार्क, जपून ठेवायची सेवा. माचेय त्सेग्वॉफ्स्की याने ती २००९ मध्ये सुरू केली. तेव्हा याच कामासाठी डिलिशस ही प्रसिद्ध साइट होती, याहूच्या मालकीची आणि फुकट. फुकटच्या शेजारी दुकान थाटून त्याने पैसे मागितले, आणि तेही गमतीदार पद्धतीने. सभासद व्हायची एकदाची फी म्हणजे आत्तापर्यंतचे सभासद गुणिले ०.००१ डॉलर. तीन हजारावा माणूस तीन डॉलर देणार, सहा हजारावा सहा. आज घेतलं तर आजचा भाव. 'मर्यादित ऑफर, फक्त २ दिवस' असं खोटं घड्याळ लावावं लागलं नाही. घड्याळ खरंच चालू होतं. शिवाय फी असल्यामुळे फुकटे आणि स्पॅमवाले दारातच थांबले.

डिसेंबर २०१० मध्ये याहू डिलिशस बंद करणार अशी बातमी फुटली आणि लोकांचे लोंढे पिनबोर्डकडे वळले. नशीब म्हणा, पण दुकान आधी दीड वर्षं उघडं होतं, आणि माझी सेवा पैसे घेते म्हणून टिकेल, हे सांगायला त्याला वेगळी जाहिरात लागली नाही. पुढे डिलिशस हातोहाती फिरत राहिली. २०१७ मध्ये ती त्सेग्वॉफ्स्कीनेच विकत घेतली, ३५,००० डॉलरला. पुण्यात एवढ्यात धड वन बीएचकेसुद्धा येत नाही.

आपल्याकडे किंमत ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: पैसे येतात कसे. परदेशी पुस्तकी सल्ला असतो की कार्ड एकदा घ्या, मग दर महिन्याला आपोआप कापत रहा. रिझर्व्ह बँकेचे १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेले नियम वेगळे आहेत. ग्राहकाने आधी एकदा ओटीपी देऊन संमती द्यायची, प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी किमान २४ तास त्याला सूचना जायची, आणि ठरावीक मर्यादेच्या वरच्या रकमेला दरवेळी ओटीपी. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. ग्राहकाच्या बाजूने नियम चांगलाच आहे. विकणाऱ्याच्या बाजूने बघाल तर दर महिन्याला तुम्ही स्वतःच गिऱ्हाइकाला विचारताय: राहू की जाऊ? बारा वेळा विचारण्यापेक्षा एकदा विचारावं. तसंही आपला दुकानदार 'वर्षाचे एकदम किती?' असंच विचारतो. माझी बहुतेक वसुली वर्षाची, यूपीआयवर, जूनमध्ये. टाकीच्या भाषेत सांगायचं तर भोक वर्षातून एकदाच उघडतं.

परदेशी गिऱ्हाईक असेल तर गणित पुन्हा बदलतं. युरोपातल्या प्रत्येक देशाचा कर भरत बसणं एकट्याला झेपत नाही, म्हणून पॅडलसारखी कंपनी मध्ये घेतात. कागदोपत्री विक्रेता तीच होते, कर तीच भरते, आणि जाहीर दराने विक्रीच्या ५ टक्के अधिक ५० सेंट कापून घेते. ९ डॉलरच्या विक्रीवर ही कपात ९५ सेंट, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. ४९ डॉलरच्या विक्रीवर २.९५ डॉलर, म्हणजे सहा टक्के. तेच ५० सेंट लहान वस्तूला जास्त बोचतात. इथेही स्वस्ताईला दंड आहे.

जीएसटीचं थोडक्यात: वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवा देणाऱ्याला नोंदणी लागते आणि सॉफ्टवेअरवर दर १८ टक्के आहे. नोंदणी नसलेल्या क्लासवाल्याला त्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही, त्याच्यासाठी ती सरळ भाववाढ असते. म्हणून ४९९ ठरवताना पुढे ५८९ सांगावे लागतील याची मनाशी तयारी ठेवा. नोंदणी झाल्यावर परदेशी विक्रीसाठी एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की तिथे कर लावावा लागत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा, पण उलाढाल १८ लाख असताना विचारा, २२ झाल्यावर नको.

फोन

एकट्याच्या धंद्यात पैशाआधी वेळ संपतो. दर नव्या मेनूसोबत दहा नवे प्रश्न येतात आणि ते सगळे एकाच फोनवर येतात. माझ्या फोनवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न कुठला होता सांगू? 'पावती प्रिंटरवर अर्धीच येते.' सॉफ्टवेअरचा दोष नव्हता; पावती पुस्तकाच्या आकाराचा कागद घातलेला आणि प्रिंटरला ए-फोर सांगितलेलं. दीड वर्ष मी हे प्रत्येकाला फोनवर समजावलं, अगदी गोड आवाजात. मग एकदा हिशोब केला, तर आठवड्याचे साडेतीन तास त्यातच जात होते. प्रिंटच्या बटणाशेजारी 'छोटी पावती / मोठी पावती' असे दोन पर्याय दिले. कामाला एक दुपार लागली. फोन थांबले.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. ज्या प्रश्नासाठी फोन आला त्यापुढे एक रेघ. पाच रेघा झाल्या की पुढचं काम तेच. नवा मेनू नंतर. कुणी फोनवर म्हणालं, 'मॅडम, यात हजेरी पण टाका ना,' तर त्याचीही रेघ मारते, पण विचारते, सध्या हजेरी कशावर घेता? 'घेत नाही' असं उत्तर आलं तर ती रेघ खोडते. जो माणूस आज एखादं काम वहीतसुद्धा करत नाही, तो ते उद्या सॉफ्टवेअरमध्ये करणार नाही.

दहावीचा निकाल लागला की माझा ऑक्टोबर सुरू होतो. जूनचे पहिले तीन आठवडे मी लग्नाकार्याला जात नाही, हे आता नातेवाइकांनाही पाठ झालंय. मागच्या जूनमध्ये विश्रामबागेतल्या त्या मॅडमचा फोन आला. प्रिंटरचं काही असेल म्हणून मी घेतला. त्यांच्या बहिणीने कुपवाडला अभ्यासिका काढली होती, बावीस खुर्च्यांची. मी सवयीने विचारलं, सध्या नोंद कशात ठेवते? त्या म्हणाल्या, "रजिस्टर घेतलंय, पण अजून कोरंच आहे. फोटो कशाचे पाठवू?"